पिंपळपानाची आपत्ती

आमच्या हिंदी मुलखातल्या महाराजपुरात बौद्ध घरची नवरी म्हटली की पांढऱ्या साडीचा काठ शेवंताकाकूंकडूनच भरून घ्यायचा. काकू भंडाऱ्याच्या. माहेरच्या विहारासमोरच्या पिंपळाचं पान त्या कागदावर काढायच्या, टोक जरा डावीकडे वळलेलं. कॉम्प्युटरवाल्या भरतकामाच्या मशीनचा कॅमेरा ते टिपून घ्यायचा आणि मशीन काठ भरायची.

यंदा त्यांच्याच लेकीचं, विनताचं लग्न होतं. काठ अर्धा झाला असताना पडद्यावर सवाल आला : 'डिज़ाइन कंपनी के संरक्षण में लेने पर आपको कोई आपत्ति?' विनता ऑफिसात. सराफ्यात घासाघीस करण्यापुरती हिंदी काकूंना येते, पण ही हिंदी सरकारी थाटाची. आपत्ती म्हणजे संकट, एवढंच त्यांना ठाऊक. "घरात लग्न आहे, संकट काहून असन?" म्हणत त्यांनी 'नहीं' दाबलं.

दुसऱ्या दिवशी मशीन अडली. पान संरक्षित आहे, वापरायची परवानगी नाही म्हणे. विनतानं मशीनच्या कंपनीला फोन लावला तेव्हा मीही तिथंच होते. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "दीदी, मशीन आपकी है, डिज़ाइन अब कंपनी की. मांजी ने ही तो कहा, आपत्ति नहीं." हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, हे विनतानं आईला तेव्हा सांगितलं. नेट तोडून पाहिलं, तर मशीन सुरूच होईना. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्यावरच डोळे वटारते, हे पाहून माझं डोकं फिरलं. काकूंनी मात्र सुई-दोरा काढला आणि उरलेला काठ हातानं भरला.

लग्न छान झालं. विनतानं काठाचा फोटो मोबाइलवरून सगळ्यांना दिसेल असा टाकला, तो संध्याकाळपर्यंत गायब. वर नोटीस : ही कंपनीच्या डिज़ाइनची नक्कल आहे, पुन्हा केल्यास कारवाई होईल. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"पण हे तं मी हातानं भरलं ना माय?" काकू विचारत राहिल्या. मग त्यांनी उठून मशीनच्या कॅमेऱ्यावर जुनं लुगडं टाकलं.

आता पान काढताना त्यांचा हात टोकाशी येऊन थांबतो. परवा त्यांनी टोक उजवीकडे वळवलं आणि लुगड्याकडे पाहत हळूच विचारलं, "हे तं चालन ना?" मी हो म्हणाले, पण आवाज माझाही खालीच गेला होता.