खोक्यातलं कोणीतरी

नागोयात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू रिकामं खोकं कधी तसंच टाकत नाहीत. उलटसुलट फिरवून बघतात आणि म्हणतात, "यात कोणीतरी आहे." मग कात्री चालते, रंग निघतात, आणि बिस्किटांच्या पुठ्ठ्यातून छत्रीवाला बेडूक बाहेर येतो.

आमच्या इमारतीत कचऱ्याचं वर्गीकरण तपासणारे एक जपानी आजोबा आहेत. चुकलेली पिशवी परत देण्यापलीकडे ते कधी बोलत नाहीत. परवा काकूंनी पुठ्ठ्यातून त्यांचाच बगळा केला, त्यांच्यासारखे रबरी हातमोजे घातलेला, आणि कावळ्यांपासून वाचवायला कचऱ्यावर टाकतात त्या जाळीला अडकवला. मी धास्तावले. आजोबांनी तो बराच वेळ निरखला आणि माझ्या शेजारी उभ्या काकूंकडे बोट दाखवत मला जपानीत काही विचारलं.

"काकू, हा एकटाच का, म्हणतायत."

काकूंनी आजोबांच्याच रद्दीतलं एक खोकं उचललं, फिरवून पाहिलं.

"सांग त्यांना, दुसरा यात आहे."