आत्यांची खात्री

आमच्या घरी आल्या की शशिकला आत्या आधी बसायच्या नाहीत. दारातूनच जय भीम करायच्या, चपला काढायच्या आणि पर्स काखेत तशीच ठेवून सरळ स्वयंपाकघरात जायच्या. तिथे एकेका पातेल्यावरचं झाकण उचलून वास घ्यायच्या. त्या माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. जयगडकडच्या एका गावात बत्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. दर बुद्धपौर्णिमेला सकाळच्या एसटीने रत्नागिरीत आमच्याकडे जेवायला यायच्या. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

लग्नानंतरची माझी पहिली बुद्धपौर्णिमा. विहारात वंदना करून आम्ही घरी आलो होतो, आणि पंधरा माणसांची खीर मी पहिल्यांदाच एकटीने केली होती. आत्यांनी झाकण उचललं.

"दूध कधीचं गो, नंदा?"

"आजचंच, आत्या."

"आजचं म्हणतेस. पिशवी बघितलीस?"

मी हो म्हटलं. तरी त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून पिशवी शोधून काढली, कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि तारीख वाचली. मग हात धुऊन म्हणाल्या, "बरोबर हाय." पाहुण्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे त्यांचं सगळ्यांच्या बाबतीत चालायचं. गॅस बंद केला म्हटलं की स्वतः जाऊन बटण फिरवून बघणार. बाळ झोपलं म्हटलं की चादर बाजूला करून बघणार. शेजारणीने फणसाची भाजी पाठवली तर आजच का पाठवली, हे विचारणार. "हो म्हणालीस, पण बघितलंस का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीही काही कमी नव्हते. मला वाटायचं, ह्या माझ्या संसारात खोट शोधायला येतात, आणि सापडली की मुंबईला माझ्या जावेच्या कानावर घालतात. त्या फोनवर बोलायला लागल्या की मी दाराआड उभी राहून ऐकत असे. माझं नाव कधी यायचं नाही. तेव्हा वाटायचं, मी इथे उभी आहे हे त्यांना कळलं असणार.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बुद्धपौर्णिमा मे महिन्याच्या सुट्टीत आली होती, म्हणून माझे दीर आणि जाऊ प्रज्ञा मुंबईहून आले होते. त्यांचा आर्यन तेव्हा अडीच वर्षांचा, माझी मैत्री आठ वर्षांची. नणंदेची तीन धरून घरात पाच मुलं. मुलांची पंगत आधी बसवली. पुऱ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, आमरस आणि खीर. आर्यनने खिरीचा पहिला घास घेतला आणि तोंडातून बाहेर काढला. दुसरा घ्यायलाच तयार नाही. प्रज्ञा म्हणाली, प्रवासाने कंटाळलाय. नणंद म्हणाली, सकाळपासून फणसाचे गरे खातोय, भूक कुठून असणार. मी म्हटलं, राहू दे, नंतर भरवू.

आत्या वाढत होत्या. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याचा गळा लाळेने भिजला होता.

"ह्याची लाळ कधीपासून गळते?"

कुणालाच सांगता येईना. आत्या मैत्रीकडे वळल्या. "आतल्या खोलीत तू होतीस ना ह्याच्याबरोबर? काय दिलंस त्याला?"

मैत्री म्हणाली, काही नाही. आत्यांनी पुन्हा विचारलं, वर्गात विचारावं तसं, आवाज न चढवता आणि नजर न हलवता. तिसऱ्यांदा "खरं सांग" म्हणाल्या, तेव्हा मैत्री रडायला लागली. इतक्या वर्षांचं माझ्या आत साठलेलं बाहेर आलं.

"पुरे, आत्या. माझ्या मुलीवर तुम्ही संशय घ्यायचा नाही."

आत्या तशाच उठून आतल्या खोलीत गेल्या. सत्तरीच्या, गुडघे धरलेल्या बाई, मी दारातून पाहिलं तर पलंगाखाली अर्ध्या शिरलेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात एक छोटा चपटा रिमोट होता. मागचं झाकण निघालेलं, आतला बटणाएवढा गोल सेल नाही.

"हे कुणी आणलं?"

"मी," मी म्हटलं. बुद्धमूर्तीभोवती लावायला दिव्यांची माळ मी आदल्या दिवशी आणली होती. तिचा तो रिमोट. मीच तो पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला होता, आर्यनचा हात पोचेल इतक्या खाली.

आत्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. माझ्या नवऱ्याला, महेंद्रला, त्यांनी गाडी काढायला सांगितलं. नणंद म्हणाली, केळं भरवू या, सेल खाली उतरेल. त्यांनी तिच्या हातातलं केळं काढून घेतलं. दीर म्हणाले, सेल कुठेतरी पडलाही असेल, आधी घरात शोधू. "तुम्ही शोधा," आत्या म्हणाल्या, "आम्ही निघतो." आर्यनला त्यांनीच कडेवर घेतलं.

हॉस्पिटलमधल्या एक्स-रेमध्ये अन्ननलिकेत एक गोल पांढरी चकती स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी दुर्बीण घालून ती काढली. बाहेर येऊन म्हणाले, सेलने आतून भाजायला सुरुवात केली होती, संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती तर कठीण होतं. प्रज्ञा भिंतीला टेकून खालीच बसली. तिच्याजवळ जायचं मला धाडस होईना. आत्या गेल्या आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या. मी लांबून बघत होते. आता माझा निष्काळजीपणा निघणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. मग प्रज्ञा उठून माझ्याकडे आली. म्हणाली, "आत्या सांगतायत, नंदाला काहीतरी खायला दे, ती सकाळपासून उपाशी हाय."

तीन दिवसांनी आर्यन घरी आला. आत्या तोपर्यंत आमच्याकडेच थांबल्या होत्या. घरात त्यांचंच कौतुक चाललं होतं. महेंद्र ज्याला त्याला सांगत होता, आत्याचा संशय कधी फुकट जात नाही. मैत्री मात्र आत्या खोलीत आल्या की उठून मागच्या दारी जायची. त्या दुपारी सगळे जेवायला बसत असताना आत्यांनी तिला हाक मारली. ती आपलं ताट घेऊन मागच्या दारी बसली होती, ती आली नाही. तेव्हा त्या स्वतः तिच्यापाशी गेल्या.

"बाय, त्या दिवशी मी तुला तीनदा विचारलं. तू पहिल्या वेळीच खरं बोलली होतीस. माझं चुकलं."

मोठ्या माणसाने लहान मुलाची अशी माफी मागितलेली आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. महेंद्र अवघडून म्हणाला, "असं काय बोलतेस आत्या? तुझ्यामुळे पोर वाचलं."

"पोर वाचलं ते वेगळं," आत्या म्हणाल्या. "हिला मी रडवलं ते वेगळं."

मैत्रीने विचारलं, "मग आता माझ्यावर संशय घेणार नाही?"

तिचं समाधान करायला एक 'नाही' पुरलं असतं, पण ते आत्यांच्या तोंडून निघेना.

"घेईन," त्या म्हणाल्या. "सवय हाय माझी. पण तू एकदा नाय म्हणालीस की पुन्हा विचारणार नाय."

मैत्री थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, ह्या बाई खरं बोलतायत की नाही हे पारखत असल्यासारखी. मग तिने आपलं ताट उचललं आणि त्यांच्या मागोमाग आत येऊन पंगतीत त्यांच्या शेजारी बसली.