उर्वीचं बारसं आणि आमची लांबलचक लाईन

माझ्या पहिल्या नातीचं बारसं मी घरबसल्या बुडवलं.

बारसं होतं मेलबर्नला आणि आम्ही शिरपूरला. आमच्या सौ.ची तिकडे जायची बॅग भरून तयार होती (तीत कपडे कमी, डिंकाचे लाडू जास्त!). पण ऐनवेळी तिचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरांनी विमानाला सक्त मनाई केली. बॅग रिकामी करता करता ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या. पोरीले पाळण्यात टाकताना पाह्यलं, तरी माह्यं भागलं."

मी छाती फुगवून म्हणालो, "घरात इंटरनेट घेतो. बसल्या जागी पाह्य!"

तेव्हा आमच्याकडे मोबाइलचं नेट फक्त गच्चीवर सापडायचं, आणि सौ.चा नवा गुडघा गच्चीचा नव्हता. म्हणून टेलिफोनच्या तारेतून येणारं ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं. मी टेलिफोन ऑफिसात गेलो. स्वस्त, मधला आणि महाग असे तीन प्लॅन होते. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "घर कुठं आहे, काका?"

"पार टोकाले. वावरं सुरू होतात तिथं."

"मग लहानाच प्लॅन घ्या. लाईन लांब आहे. मोठा घेतला तरी स्पीड तेवढाच भेटीन."

इथे माझ्यातला दुकानदार जागा झाला. माझा जन्म कापड दुकानात गेलेला. स्वस्त माल दाखवून महाग माल गळ्यात मारणारे मी पाहिले होते (आरशात रोजच!). पण महाग माल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वस्त घे म्हणणारा दुकानदार? अशक्य! नक्की महाग माल पुतण्या-भाच्यांसाठी दाबून ठेवला असणार. मी काउंटरवर मूठ आपटली. "सगळ्यात भारी द्या!"

स्वातीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, फोनवर डोकं धरलं. "बाबा, तार जेवढी लांब तेवढा स्पीड कमी होते. पैसे देऊन तार आखूड होत नाही! तुमी मोठ्या बाबांच्या घरीच जा ना. त्यायचं घर तर टेलिफोन ऑफिसाले चिकटून आहे."

"अवं, स्कूटरवर पाच मिनिटं लागतात मले. इंटरनेटले किती लागतीन?"

खरी गोष्ट वेगळीच होती. मोठे बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ. दादाकडे गावात सगळ्यांत आधी टीव्ही आला, फ्रिज आला, कॉम्प्युटर आला, आणि प्रत्येक वेळी मी त्याच्या दिवाणखान्यात पाहुण्यासारखा सतरंजीवर बसलो. आता नात माझी, बारसं तिचं, आणि सतरंजी पुन्हा दादाची? नाव काढू नका!

बारशाच्या दिवशी सकाळी माझ्या बैठकीत निम्मी गल्ली बसली. मानाची खुर्ची मी दादाला दिली (त्याला दिसावं म्हणून!). सौ. ठेवणीतली पैठणी नेसून, पाय स्टुलावर ठेवून, कॉम्प्युटरच्या अगदी पुढ्यात. स्वाती दिसली, जावई दिसले, फुलांचा पाळणा दिसला. "आली, आली!" सौ. ओरडली. आत्यानं बाळाला हातात घेतलं, पाळण्याकडे वाकली...

आणि वाकलेलीच राहिली.

"येऊन राह्यलं, येऊन राह्यलं," मी म्हणालो.

पडद्यावर एक गोल फिरायला लागलं. ते फिरत होतं आणि गल्ली त्याच्याकडे एकटक पाहत होती. दादा पुढे वाकला. "बापू, चाला माह्या घरी. लगेच लावून देतो."

"कायले? येऊन राह्यलं ना!"

तेवढ्यात कॉम्प्युटरमधून "कुर्र्र" ऐकू आलं आणि मागून "...र्वी!"

"काय म्हनली?" सौ.नं विचारलं.

"आर्वी!" मी ठोकून दिलं आणि घाईघाईनं पेढे फिरवले.

शेजारच्या काकू पेढा हातात धरून म्हणाल्या, "आर्वी? ते तं वर्ध्याकडं गाव आहे ना? तिकडची सोयरीक आहे काय तुमची?"

गोल फिरतच होतं. शेवटी सौ.नं मान न वळवता विचारलं, "चालता का भाऊजीच्या घरी?" तिचा आवाज ऐकून मी ऑटो आणला. तिला पायासकट आत बसवण्यात वेळ गेला. पुढे बसस्टँडवर यात्रेकरूंच्या बस आडव्या लागलेल्या. दादाच्या घरी पोचलो तर चित्र असं लख्ख, की जावयांच्या मिशीवरचं श्रीखंड दिसत होतं! म्हणजे पंगत बसली होती. पाळणा रिकामा होता. बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं.

"आई, कुठं गेल्या होत्या तुमी?" स्वाती रडकुंडीला आली होती. "उर्वी नाव ठेवलं. आवडलं?"

"लय सुंदर," सौ. म्हणाली. आणि पदर सारखा करत राहिली.

  घर आल्यावर ऑटोतून उतरता उतरता ती म्हणाली, "पाळण्यात टाकताना रडली का हासली, कळलंच नाही."  नवी पैठणी आणली असती, बांगड्या आणल्या असत्या. पण ती घटका कुठून आणणार?

पुढे स्वातीनं बारशाची फिल्म पाठवली. मी मुकाट्यानं सौ.ला दादाकडे घेऊन गेलो आणि स्वतः सतरंजीवर बसलो. पोर हसली होती! सौ.नं तेवढाच भाग पुन्हा पुन्हा पाहिला आणि डोळे पुसले.

मग तिला पाळण्यामागचं टेबल दिसलं. टेबलावर स्वातीचा लॅपटॉप आणि त्यावर, सौ.च्या पुढे डोकं घातलेला, एकटा मी. आमच्याकडे आत्या थिजली होती, तसा त्यांच्याकडे मी थिजलो होतो. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा गंभीर. एक बाई पाळण्याला नमस्कार करून वळल्या, माझ्यापुढे थबकल्या, डोक्यावर पदर घेतला आणि लॅपटॉपवर हळूच एक फूल वाहिलं. त्यांच्या मागच्या दोघींनीही हात जोडले.

सौ. हसता हसता खुर्चीवरून घसरायला आली. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. "बापू, तुह्यी लाईन लांब आहे हे माहीत होतं रे, पन पार वरपर्यंत गेली हे नोतं माहीत!"

जिवंतपणी नातीच्या बारशाला जाता आलं नाही, पण कैलासवासी म्हणून का होईना, हजेरी मात्र लागली.