बाजूच्या खुर्चीतले काका

भूतबित काही नसतं, या मताची मी. बडोद्यात मकरपुऱ्याच्या पुढे एका वृद्धाश्रमात केअरटेकर आहे. इथे माणसं डोळ्यांदेखत जातात आणि त्याच खाटेवर आम्ही नवी चादर घालतो. भ्यायला वेळ कुणाला आहे! हसायचं असेल तर हसा... पण सांगते.

रविवारी सकाळी परदेशातल्या मुलांचे व्हिडिओ कॉल येतात. व्हरांड्यात खुर्च्या मांडायच्या आणि फोन धरून उभं राहायचं, हे माझं काम. रेल्वेतून रिटायर झालेले सबनीसकाका तेव्हा दाढीबिढी करून, बारा महिने तोच मरून स्वेटर चढवून हजर. त्यांना स्वतःला फोन यायचा नाही. मुलगा अमेरिकेत, पण नाहीच. मग ते दुसऱ्यांच्या कॉलमध्ये हळूच खुर्ची सरकवून बसायचे — कोपऱ्यात अर्धा चेहरा दिसेल असे. "केम छो बेटा?" म्हणायचे. आमच्या हंसाबेनची कॅनडातली छोटी नात तर "मराठी दादा क्यां छे?" — मराठी आजोबा कुठायत — असं विचारल्याशिवाय बोलायचीच नाही.

काकांच्या कपाटात एक कोरा पांढरा शर्ट होता, घडीसुद्धा न मोडलेला. "मुलगा आला की घालीन," म्हणायचे. मी एकदा चिडवलं, "काका, तोवर कसर लागेल हो त्याला!" तर नुसते हसले.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मुलाला कळवलं. "तुम्हीच करून घ्या," म्हणाला. तो शर्ट मीच घातला त्यांना. बटणं लावताना फार रडू आलं... आणि घरी जाऊन सांगायला कुणी नव्हतं. मीही एकटीच राहते.

पुढच्या रविवारी हंसाबेनचा कॉल लागला. काकांची खुर्ची मी सवयीने मांडली होती, रिकामी. नातीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, "दादा आजे बोलता केम नथी? रिसाई गया?"

दादा रुसले का, विचारत होती. मला वाटलं, पोर आठवण काढतेय. "दादा नथी, बेटा," मी म्हटलं.

"छे ने! बाजुमां बेठा छे. नवो सफेद शर्ट पहेर्यो छे."

मी फोन जवळ घेऊन पाहिलं. स्क्रीनवर मला तर रिकामी खुर्चीच दिसत होती. आणि त्या पोरीने काकांना कायम त्यांच्या मरून स्वेटरमध्येच पाहिलं होतं.

"हाथ लांबो कर्यो छे," ती म्हणाली. "फोन मांगे छे."

काय करणार? फोन खुर्चीत टेकवून ठेवला आणि बाजूला झाले. पोरगी बराच वेळ शाळेचं काहीबाही सांगत होती, मध्येच खिदळत होती. शेवटी "आवजो, दादा" म्हणून तिने फोन ठेवला.

पोरीची कल्पना, नेटवर्कची गडबड, माझंच फिरलेलं डोकं — सगळं लावून बघितलं. शर्टापाशी येऊन अडतं. खुर्ची मी अजूनही मांडते. काका तिला कसे दिसले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण खरं सांगू? जिवंत होते तेव्हा त्यांना एक फोन का आला नाही, याचं तरी कुठे आहे?