सीताफळाच्या वाइनचा फेस

"मॅडम, याला पोलिसांत द्यायच्या आधी एकदा तुमी बघा," शेठ म्हणाले.

आम्ही त्यांच्या आदिलाबादच्या गोडाऊनमध्ये उभे होतो. फरशीवर काचांचा खच. आंबूस वास. कोपऱ्यात गोडाऊन कीपर गणपतराव मान खाली घालून उभे.

शेठ रीतसर लायसन्स घेऊन सीताफळाची वाइन बनवायचे. मी वाइन केमिस्ट. त्यांनी मला कन्सल्टंट म्हणून बोलावलं होतं. आदल्या दसऱ्याला आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि शेठनी धंदा मंचेरियलला हलवायचं ठरवलं. गणपतरावांचं घर आदिलाबादजवळच्या नार्नूरकडचं. त्यांनी यायला साफ नकार दिला. ऊन तापू लागलं, आणि बाटल्या फुटू लागल्या.

"रागानं फोडून राह्यला हा," शेठ म्हणाले.

"काऊन फोडीन मी?" गणपतरावांनी मान वर केली. "नोकरी सोडीन, पण मालकाच्या मालाला हात नाई लावणार."

मी एक सीलबंद बॉक्स उघडायला सांगितला. टेप शाबूत. आतल्या दोन बाटल्या फुटलेल्या.

"शेठ, यात कोणाचा हात शिरला?"

शेठनी टेपवरून बोट फिरवून पाहिलं.

"वाइन बाटल्यांत कधी भरली?"

"डिसेंबरात. शिफ्टिंगची घाई होती. बुडबुडे बंद झालते, म्हणलं तयार झाली."

माझी ट्यूब पेटली. यीस्ट, म्हणजे खमीर, फळातली साखर खातं. त्यातून दारू बनते आणि गॅस सुटतो. कडाक्याच्या थंडीत ते झोपी जातं. साखर संपलेली नसते. आदिलाबादची डिसेंबरची थंडी काय असते, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

फ्रान्सच्या शॅम्पेन भागात शेकडो वर्षांपूर्वी हेच व्हायचं. हिवाळ्यात वाइन शांत. ऊब आली की तळघरात धडाधड बाटल्या फुटायच्या. कामगार लोखंडी मुखवटे घालून आत जायचे. बुडबुडे हा तिथे आधी दोषच होता. पुढे इंग्लंडात कोळशाच्या भट्टीवर जाड, मजबूत काच बनू लागली. मग तोच दोष राजेरजवाड्यांच्या टेबलावर जाऊन बसला.

मी गणपतरावांचं हेल्मेट घातलं, एक बाटली ओल्या पोत्यात गुंडाळली आणि बूच सैल केलं. फट्! बूच थेट वरच्या पत्र्यावर. ग्लासात पांढराशुभ्र फेस. एक थेंब सोबत आणलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवून शेठना दाखवला. यीस्ट जिवंत होतं, भराभर वाढत होतं.

शेठनी ग्लासातला घोट घेतला. दुसरा घेतला.

"अबब! ही तं लय भारी लागून राह्यली."

मग ते वळले. "गणपतराव, चुकलं माझं. मीच घाई केली."

गणपतरावांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "मलाबी चाखू द्या की थोडी."

पुढच्या मोसमात आम्ही मुद्दाम जाड बाटल्या आणल्या, बुचांना तारेची जाळी बांधली. साखर मोजून घातली. एकही बाटली फुटली नाही. थंडीत खमीर सावकाश काम करतं आणि बुडबुडे बारीक येतात, म्हणून शेठनी वायनरी आदिलाबादलाच ठेवली आणि गणपतरावांना तिथलं इनचार्ज केलं. पहिली पेटी त्यांनीच फोडली, सगळ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात.

साखर किती उरली, ते बाटली भरण्याआधी मोजावं. नंतर ती स्वतःच सांगायला येते.