घरचा धोका

पंचावन्न साली सिंदेवाहीकडच्या एका नाल्यावर पूल बांधायला घेतला, तेव्हा कामावर मुकादम होता लटारू. या गड्यानं धोक्यांनासुद्धा नाती लावून ठेवली होती. रोज काम सुरू करण्याआधी मजुरांना मोहाच्या झाडाखाली बसवायचा आणि विचारायचा, "सांगा, सर्व्यात मोठा धोका कोनता?"

"वाघ!" सगळे एका सुरात.

"वाघ पाहुना आहे. पाहुन्याकडं सर्व्यायचंच ध्यान रायते, म्हून तो शेवटी. साप शेजारी, तो मधात. पयला नंबर घरच्याचा! हे परांची पाहा. रोज चढता, रोज उतरता, म्हून हिच्याकडं कोनी पाहात नाई. मारते तं घरचाच मारते!"

मग तो बांबूच्या परांचीचा एकेक बंध ओढून बघायचा. पळसाच्या मुळांचे दोर ते, उन्हानं वाळले की सैल पडत. ज्याचा बंध ढिला निघाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. मजूर वैतागत, ओव्हरसियर कुरकुरे, पण लटारू मुलखाचा हट्टी.

त्याची बायको रुखमाबाई त्याच परांचीवरून चुन्याचं घमेलं वर न्यायची. तोंडानं कधी बोलला नाही, पण त्याचा सगळा जीव तिच्या पायाखालच्या फळीत अडकलेला असे. खरं सांगायचं तर धोक्यांची ही उतरंड तिच्यासाठीच रचलेली होती.

एका सकाळी ती वर पोचली आणि कोपऱ्यावरचा बंध सुटून फळी कलंडली. घमेलं खालच्या धोंड्यांवर आपटलं. रुखमाबाई उभ्या बांबूला मिठी मारून लोंबकळत राहिली. मजुरांनी तिला उतरवलं, तर हाताला थोडं खरचटलेलं, बाकी धडधाकट. मग लटारू सगळ्यांवर ओरडला.

"कोनं बांधला हा बंध? समोर ये!"

कोलू नावाचा मजूर चाचरत म्हणाला, "भाऊ, हा तं तुमचाच आहे."

खरंच होतं. कोपऱ्यावरचा तो बंध लटारूनं स्वतः बांधला होता, आणि आपल्या हातचा म्हणून ओढून कधी पाहिलाच नव्हता.

रुखमाबाई लुगडं झटकत समोर आली. "अवो, घरचा पयला म्हनता ना? मंग सोताची गाठ काऊन नाई पाह्यली?"

लटारूला रडू आलं, आणि तो सगळ्यांदेखत रडला.

दुसऱ्या दिवसापासून तो इतरांचे बंध ओढून बघे, आणि रुखमाबाई त्याचे. झाडाखालचा सवाल मात्र पूल होईस्तोवर चालू राहिला. "सांगा, सर्व्यात मोठा धोका कोनता?"

"मुकादम!" सगळे ओरडत. त्यात रुखमाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर असे.