टॅक्स नसलेल्या देशातला माझा टॅक्स

सौदीत राबिघला आम्ही एकोणीस वर्षं काढली. आमचे हे रिफायनरीजवळच्या एका हॉटेलात हेडवेटर. सुट्टीत रत्नागिरीला आलो की ह्यांचं एक वाक्य ठरलेलं, "तिकडे टॅक्स नाही. रियाल पडला की आख्खा हातात." झालं! मग मशिदीच्या रंगापासून कुणाच्या भाचीच्या लग्नातल्या बिर्याणीपर्यंत सगळे आमच्याच दारात. आणि हे खुशीने द्यायचे. मी काय बोलणार?

खरं सांगू? टॅक्स होता. पगारावर नव्हता, माझ्यावर होता. बायको जवळ ठेवायची तर तिच्या नावाने महिन्याला चारशे रियाल फी. तीही आम्ही इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नवा करताना वर्षाची एकदम भरायचो. फी सुरू झाली तेव्हा आमच्या बिल्डिंगीतल्या कितीतरी बाया पोराबाळांसकट गावी गेल्या. आमच्या मुलीचं लग्न झालेलं, राहिले मी एकटी. हे म्हणाले, "तुझे मी ओव्हरटाइममधून काढतो." आणि काढले हो, वर्षानुवर्षं काढले. बारा-बारा तास उभं राहून पाय सुजायचे. मी गरम पाण्यात मीठ घालून घमेलं पुढ्यात सरकवायची आणि मनात म्हणायची, बाई, हे पाय तुझ्यापायी सुजलेत.

मग मालकाने दोन नवे वेटर घेतले आणि ह्यांना सांगितलं, "ओव्हरटाइम खलास." उरली टिप. ती तरी कुठून येणार? गिऱ्हाईक मोबाइल दाखवून बिल देतं, त्याच्या खिशात सुटं नाणं नसतं. इकामा संपायला दोन महिने होते. एक दिवस शेजारीण सहज बोलून गेली, की तुमच्या ह्यांनी लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायचं काम मागितलंय. साठी उलटलेला माणूस! मी ह्यांना काही बोलले नाही. गावी जावेला फोन करून मात्र सांगितलं, मी कायमची येतेय. ह्यांना शुक्रवारी, जुम्याला, जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं.

जेवायला बसलो आणि अमेरिकेहून पुतण्याचा, त्याच जावेच्या मुलाचा, व्हिडिओ कॉल आला. तोही टेक्सासला हॉटेलातच.

"चाचा, आमच्या राज्यात इन्कम टॅक्स नाहीच, पण देशाचा भरावा लागतो ना? त्यात आता टिपवर आणि ओव्हरटाइमवर सूट मिळते!"

"सगळ्यावर?"

"ठरावीक रकमेपर्यंत. ओव्हरटाइमला नेहमीच्या दराहून जे जादा मिळतं, फक्त तेवढ्यावर. फॉर्म भरावा लागतो, पण मिळते."

ह्यांनी मिशीला लागलेलं कालवण पुसलं. "फॉर्म भरत बस तू! माझ्या टिपला इथे हात लावायची कुणाची हिंमत नाही."

"राजे आहात चाचा! मग चाची पुढच्या महिन्यात कायमची गावी येतेय, असं अम्मी का म्हणत होती?"

ह्यांचा घास हातातच राहिला. "नेटवर्क बरोबर नाही," म्हणाले आणि फोन उलटा ठेवला.

"मला न विचारता?"

"भांडी घासायचं काम तुम्ही मला विचारून मागितलंत?"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "गावात काय सांगू? टॅक्स नाही म्हणून मिरवणाऱ्याला बायको परवडत नाही, असं?"

"माझे गुडघे दुखतात असं सांगा."

तेच सांगितलं. आता गावी दिवसभर माझ्या गुडघ्यांची चौकशी होते, कुणी तेल आणून देतं, कुणी हाडवैद्याचा पत्ता. आणि उठता उठता म्हणतात, चाची, तुमचं बरं आहे, तिकडे टॅक्स नाही.

जुम्याला ह्यांचा फोन येतो. परवा ताट दाखवलं. बाजारची खुबूस रोटी आणि डबाबंद राजमा. "आता बघ," म्हणाले, "पगार आख्खा हातात येतो."

हसवायला म्हणाले असावेत. मी विचारलं, पाय शेकता का? तर म्हणाले, घमेलं कुठे ठेवलंयस ते सापडत नाही.